जास्तीची नदी

दगडावर एकदा अक्षर कोरलं की खोडरबर चालत नाही, असं त्या ग्रॅनाइटवाल्यानं मला तीन वेळा बजावलं. बाई, नीट वाचा आणि मगच सही करा. मी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. पणदऱ्यापासून कऱ्हाटीपर्यंतच्या शाळांत ज्या बाईनं तीस वर्षं पोरांच्या वह्या लाल केल्या, तिला हा पठ्ठ्या शुद्धलेखन शिकवत होता. मी पर्समधून लाल पेन काढलं. मजकुरात चार चुका सापडल्या, चारही दुरुस्त केल्या आणि खाली झोकात लिहिलं, 'तपासले, बरोबर आहे'. त्या चारांतली एक चूक दुरुस्त करायची नव्हती, उपटून फेकायची होती. पण ते मला महिन्याभरानं कळलं, तेही ज्याला अक्षराची ओळख नाही अशा माणसाकडून.

आता सगळं सांगतेच.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठाला, भिगवणच्या खालच्या अंगाला. म्हणजे जुनं गाव. ते उजनीच्या पाण्याखाली जाऊन जमाना झाला. धरण भरत आलं तसं गाव उचलून वर माळावर आलं आणि येताना सगळं बरोबर घेऊन आलं, देवळं आणि भांडणंसुद्धा. पाणी सगळ्यांच्या घरात सारखंच शिरलं होतं, पण नवे प्लॉट पाडताना आमची वस्ती कुठल्या टोकाला काढायची हे नकाशावाल्याला कुणी सांगावं लागलं नाही. ते त्याला आपोआप सुचलं. नदी तेवढी वर आणता आली नाही. तिचा तलाव झाला.

त्या तलावावर हल्ली पाहुणे येतात. पाहुणे म्हणजे आधी फ्लेमिंगो आणि मग फ्लेमिंगो बघायला येणारी पुण्याची माणसं. दोघंही थंडीत येतात, दोघंही पाण्याच्या कडेला गर्दी करतात. पक्षी सकाळी उठून चिखलात तोंड घालतात, माणसं तळलेल्या चिलापी माशात. गावाला दोघांचाही उपयोग आहे हे ध्यानात आल्यावर गावात एक सुशोभीकरण समिती निघाली. आमच्याकडे समिती निघाली की तिला अध्यक्ष आधी मिळतो आणि काम मागाहून शोधतात. अध्यक्ष पन्नाशीचे, ऊस आणि केळी दोन्हींत, बोलायला गोड. मला ते मॅडम म्हणतात. माझ्या माघारी काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

तर अध्यक्षांचा फोन आला. मॅडम, पाहुण्यांना इतिहास लागतो. नुसते पक्षी दाखवून भागत नाही. आपल्या गावची जुनी लाकडी होडी आपण घाटावर चौथरा बांधून ठेवतोय, शेजारी ग्रॅनाइटचा फलक, त्यावर लाकडी होडीचा इतिहास, फार तर वीस ओळी. लिहायला तुमच्याशिवाय आहे कोण? मागच्या बाजूला सेल्फी पॉइंट.

मी म्हणाले, विचार करून सांगते. विचार कसला करतेय? फोन ठेवायच्या आधीच मला त्या वीस ओळींतली एक ओळ दिसायला लागली होती. बाकीच्या एकोणीस त्यांनी काय वाटेल त्या लिहाव्यात. ती एक ओळ दगडावर यावी म्हणून मी होकार दिला.

होडीची गोष्ट खरं तर साधी आहे. पावसाळा लागला की नदी फुगायची, मग दिवाळी होऊन जाईपर्यंत पलीकडे जायचं तर होडीनंच. सागवानी होडी, तळाला डांबर, फळ्यांच्या फटींत कापूस ठासलेला. वऱ्हाडं तिच्यातनं जायची, बाजारची गाठोडी जायची, शेळ्या जायच्या. बैलांना दावं बांधून होडीमागं पोहत न्यायचे. भाडं कुणी देत नसे. नावाड्याला वर्षाचं धान्य असे, सुगीत तो टोपलं घेऊन खळ्याखळ्यावर फिरायचा. आमच्या वस्तीतही यायचा. फक्त आमच्याकडे आला की टोपलं खाली जमिनीवर ठेवून दोन पावलं मागं सरकायचा, आम्ही त्यात जोंधळे ओतायचे आणि आम्ही सरकलो की त्यानं ते उचलायचं. ज्वारीला काही होत नसे.

होडीतही जागा ठरलेल्या. मधली फळी रुंद, कोरडी, तिच्यावर गावातली मोठी माणसं. मागं नावाडी. पुढं जिथं होडी निमुळती होते आणि लाट फुटून अंगावर येते तिथं आम्ही. उन्हाळ्यात नदी गुडघाभर असायची, लोक चालतच जायचे, तेव्हासुद्धा आमच्या लोकांनी खालच्या अंगानं जायचं. आमच्या पायाला लागलेलं पाणी वरच्यांकडे जाऊ नये म्हणून. पाण्याचा उतार कुठल्या बाजूला आहे एवढं विज्ञान गावाला पक्कं ठाऊक होतं.

आणि एक शब्द सांगून ठेवते, कारण पुढं सगळा घोळ त्याच्यावरच झाला. आमच्याकडे नदी ओलांडत नाहीत, उतरतात. 'नदी उतरून आलो' म्हणजे पलीकडनं अलीकडे आलो. आणि होडीतून पाय खाली टाकतात त्यालाही उतरणंच म्हणतात. एकच क्रियापद, अर्थ दोन. मी वर्गात हे उदाहरण दरवर्षी द्यायचे, मोठ्या कौतुकानं. पोरं जांभया द्यायची.

मी चौथी पास झाले त्या वर्षी गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पलीकडच्या काठाला मामा राहायचे, तिथं पाचवी होती. आईनं ठरवलं, पोरीला पाचवीत घालायचं. वस्तीतली मी पहिलीच. धम्म घेतल्याला पाच-सहा वर्षं झाली होती. घरातले देव गेले होते, मेलेली ढोरं ओढायचं काम आमच्या लोकांनी सोडलं होतं, पण होडीतली जागा जिथं होती तिथंच होती.

आषाढातला दिवस. नदी गढूळ, चढलेली, वारा समोरून. आईच्या पदराच्या घडीत माझा शाळा सोडल्याचा दाखला. होडी भरत आली होती. आई काठावर थांबली आणि पुढच्या टोकाकडे बघत राहिली. तिथल्या फळ्या ओल्या होत्या आणि प्रत्येक लाटेला ओंजळभर पाणी आत येत होतं. मग ती चढली, मला हाताला धरून ओढलं आणि मधल्या फळीवर जाऊन बसली. आवाज चढवला नाही की काही नाही. नुसतं म्हणाली, "दाखला भिजंल. आज मधी बसते."

कुणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढं पुष्कळदा वाटलं. पहिल्यांदा उठले ते अध्यक्षांचे आजोबा. होय, याच अध्यक्षांचे. त्यांनी टोपी सारखी केली, जोडे हातात घेतले आणि होडीतून उतरले. त्यांच्यामागं त्यांचे भाऊबंद. मग बाकीचे, एकामागं एक. एक म्हातारी तर गडबडीत गाठोडं विसरून उतरली आणि ते घ्यायलाही परत आत आली नाही. होडी एवढी हलकी झाली की वर उचलली गेली. सगळे काठावर उभे राहून नावाड्याकडे बघायला लागले. आता तो आईला उठवणार, हे ठरलेलंच होतं.

नावाडी म्हणजे आमचे आजचे तात्या. तेव्हा वीस वर्षांचा पोरगा, बापानं त्याच वर्षी वल्हं हातात दिलेलं. त्यांनी काठावर बघितलं, आईकडे बघितलं, मग खाली वाकून खुंटीचा दोर सोडला. एवढ्या मोठ्या होडीत आम्ही दोघी, तात्या आणि त्या म्हातारीचं गाठोडं. धारेला लागल्यावर ते पहिल्यांदा बोलले, "मधीच बसा. एकलं माणूस मधीच बसावं, न्हायतर होडी फिरती." आई दाखला पोटाशी धरून बसली होती.

पलीकडच्या काठावर मामांची वाट बघत आम्ही थांबलो तेव्हा मी मागं वळून बघितलं. तात्या परत अलीकडे पोहोचले होते. लोक अजून काठावरच उभे होते आणि तात्या होडीत वाकून पत्र्याच्या डब्यानं पाणी उडवत होते. होडीत पाणी शिरलं असणार, उपसतायत बिचारे, असं मला वाटलं.

दाखला कोरडा राहिला. त्या कोरड्या कागदावर माझी पाचवी झाली, पुढं डी.एड. झालं, नोकरी झाली, आज पेन्शन येते. आईनं ही गोष्ट आयुष्यात कुणाला सांगितली नाही. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला वाटायचं, आपणही मेलो की त्या दिवशी काय झालं हे कुणालाच माहीत राहणार नाही. तात्या होते, पण तात्यांना कोण विचारतो?

म्हणून मी ती ओळ लिहिली. अगदी साधी. 'त्या दिवशी आई मधल्या फळीवर बसली आणि सगळे उतरले.' टीका नाही, कुणाचं नाव नाही. कशी झाली आहे म्हणून दहा वेळा वाचली आणि स्वतःवरच खूश झाले.

मग बैठक. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये अध्यक्षांनी माझा मजकूर मोठ्यानं वाचला आणि पेन्सिल घेतली. टोपलं खाली ठेवायची ओळ गेली. पुढच्या टोकाची ओळ गेली. नदीच्या खालच्या अंगाची ओळ तर वाचायच्या आधीच गेली. का, तर निगेटिव्ह वाटतं. पाहुणे चार घटका आनंदात घालवायला येतात, त्यांना पॉझिटिव्ह इतिहास द्यावा. त्याऐवजी त्यांनी स्वतःचं एक वाक्य घातलं. 'अठरापगड जातीचे लोक या होडीतून गुण्यागोविंदाने प्रवास करीत.' सदस्यांनी माना डोलावल्या. एकानं तर डोळे टिपले. त्याचं वय चाळीस, होडीत तो कधी पाय ठेवायला गेला नव्हता.

मी सांगून टाकलं, बाकी काय हवं ते कापा, पण आईची ओळ गेली तर अख्खा मजकूर परत नेईन, मग लिहा तुमचा तुम्ही. मग अध्यक्ष हसले. मॅडम, राहू द्या तुमची ओळ, आम्हाला आईंबद्दल आदरच आहे. चहा आला. मी दोन कप प्याले. भिगवणहून बारामतीपर्यंत एसटीत मला हसू येत होतं. गुण्यागोविंद त्यांना, ओळ मला. केवढा मोठा किल्ला सर केला!

पंधरा दिवसांनी बारामतीतल्या ग्रॅनाइटवाल्याकडे मजकुराचा कागद आला. तुम्ही बारामतीतच राहता, तेवढं तपासून सही करा, असा अध्यक्षांचा निरोप. मी गेले. 'होडि' होतं, त्याचं होडी केलं. 'इतीहास' होतं, ते सरळ केलं. 'प्रवासि' होतं. आणि आईच्या ओळीत 'नदि' होतं, पहिली वेलांटी. मी तिथं लाल पेनानं ठसठशीत दुसरी वेलांटी दिली आणि मनात म्हटलं, या लोकांना नदीसुद्धा लिहिता येत नाही. माझ्या ओळीत मुळात नदी नव्हतीच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तीस वर्षांची सवय. वेलांटी दिसते, शब्द दिसत नाही.

या मधल्या काळात तात्यांचं आणि समितीचं वेगळंच जुंपलं होतं. होडी त्यांचीच, त्यांच्या घरामागं पालथी पडलेली. ती त्यांनी दिली, पण एका अटीवर. दर पंधरवड्याला येऊन मी तिला डांबर देणार. अध्यक्षांनी समजावलं, तात्या, ती आता पाण्यात जायची नाही, कायमची चौथऱ्यावर बसणार. तात्या म्हणाले, उन्हात बसणार हाय न्हवं, कोरडी पडली की फळ्या फाकत्यात. समितीनं होडीला आकाशी ऑइलपेंट मारला, दोन्ही अंगांना गुलाबी फ्लेमिंगो काढले. तात्या ऐंशी-पंच्याऐंशीचे, कमरेत वाकलेले, डांबराचा डबा आणि ब्रश घेऊन आले आणि फटी शोधून डांबर भरायला लागले. डाव्या अंगाच्या फ्लेमिंगोचे पाय गुडघ्यापर्यंत काळे झाले. पेंटर परत बोलावला. तात्याही परत आले. शेवटी समितीनं ठराव केला की तात्यांना त्यांच्या वयामुळं सूट देण्यात येत आहे. फ्लेमिंगो काळ्या पायांचे राहिले. पाहुणे विचारतात, ही वेगळी जात का?

उद्घाटन सकाळी दहाला होतं म्हणजे प्रमुख पाहुणे एकला आले. ते कुणी मोठे होते. त्यांनी पक्ष्यांवर भाषण केलं. पक्ष्यांना सीमा नसतात, जात नसते वगैरे. मग फलकावरचा सॅटिनचा पडदा ओढला, टाळ्या झाल्या. मी आणि तात्या पहिल्या रांगेत, शेजारी शेजारी, फलकाच्या पुढ्यातच. तात्यांनी मला कोपर मारलं. काय लिव्हलंय ते वाच की गं.

मी त्यांच्या कानाशी वाचायला लागले. गुण्यागोविंदाशी ते नुसते 'हं' म्हणाले. मग आईची ओळ आली आणि माझा आवाज थोडा चढला, कारण ती खरंच तिथं होती, काळ्या दगडात सोनेरी अक्षरांनी, आणि ती आता कुणाला पुसता येणार नव्हती. 'त्या दिवशी आई मधल्या फळीवर बसली आणि सगळे नदी उतरले.'

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोन उतरलं नदी?"

मी परत वाचलं. यावेळी शब्द एकेक करून, बोट धरून वाचणाऱ्या पोरासारखं. आई मधल्या फळीवर बसली. आणि सगळे. नदी. उतरले. दुसरी वेलांटी मीच दिलेली होती, दिसतही होती, छान गोलाकार. माझ्या आईला एकटीला टाकून जे उठून गेले, त्या सगळ्यांना मी दगडावर तिच्याबरोबर पलीकडे पोहोचवलं होतं. गुण्यागोविंदानं.

मी तशीच उठले आणि अध्यक्षांना मांडवाच्या मागं गाठलं. ते जेवणाच्या पंगतीचं बघत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला, मला, व्याकरण सांगितलं. मॅडम, वाक्याला कर्म नव्हतं हो. सगळे उतरले, पण काय उतरले? वाचणाऱ्याला कळायला नको? आम्ही तुमच्याच एका विद्यार्थ्याकडून तपासून घेतलं, तो म्हणाला बाईंचं राहून गेलं असेल. मग मोबाइल काढून माझ्या सहीचा फोटो दाखवला. लाल पेन, 'तपासले, बरोबर आहे', आणि नदीवरची ती दुसरी वेलांटी. बदलता येईल का विचारलं, तर म्हणाले, नवा दगड आणावा लागेल, आता पुढच्या वर्षीच्या बजेटला बघू. आणि एवढं काय बिघडलं? नदी तर सगळे उतरतच होते ना?

त्यांना माहीत होतं का नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या दिवाणखान्यात आजोबांचा मोठा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला, टोपी अगदी सारखी केलेली.

तेवढ्यात माइकवरून तात्यांचं नाव पुकारलं. जुन्या पिढीचे नावाडी, त्यांचा सत्कार. शाल आली, नारळ आला. सूत्रसंचालकानं विचारलं, तात्या, त्या काळाबद्दल दोन शब्द सांगा. तात्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "त्या दिशी नदी कुनी उतरलं न्हाय," ते म्हणाले. "समदी होडीतनं..."

एवढंच. सूत्रसंचालकानं माइक हलकेच काढून घेतला आणि वयोमानानं तात्यांना आता सगळं आठवत नाही, तरी त्यांच्या सेवेला आपण सगळे मिळून टाळ्यांनी दाद देऊ या, असं सांगितलं. सगळ्यांनी दाद दिली. प्रमुख पाहुण्यांनी तात्यांच्या पाया पडल्याचा फोटो काढून घेतला, दोनदा, कारण पहिल्यांदा डोळे मिटले होते. मग चिलापीचं कालवण आणि भाकरी. पाहुणे गेले. गाव गेलं.

त्या फलकावरचा एक शब्द काळा का आहे असं हल्ली येणारे लोक विचारतात. अध्यक्ष सांगतात की पक्ष्यांनी घाण केलीय, निघत नाही. समितीनं रॉकेल लावून बघितलं, ॲसिड लावून बघितलं. पक्षी इतकं नेमकं कसं काय बसले, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तर झालं ते असं.

मांडववाले बांबू काढत होते. ऊन कललं होतं. मी फलकाच्या कडेला खाली बसले होते आणि मला रडू येत होतं, रागानं, आणि जास्त राग माझाच मला आलेला होता. तात्या शाल खांद्यावर तशीच ठेवून होडीखालून डांबराचा डबा काढत होते. सत्कार झाला तरी पंधरवडा चुकवायचा नव्हता. डबा घेऊन ते माझ्याजवळ आले आणि शेजारी टेकले.

मी म्हणाले, तात्या, तुम्ही एकट्यांनीच आईची बाजू घेतलीत त्या दिवशी, मी आयुष्यभर स्वतःला तेच सांगत आले. निदान तेवढं तरी खरं आहे ना?

तात्यांनी मान हलवली, पण ती होय म्हणणारी नव्हती.

"तू पल्याडनं बघत व्हतीस," ते म्हणाले. "म्या डब्यानं पानी उडवत व्हतो. ते उपसत न्हवतो गं. समदी म्हनली, फळी धू, मग चढतो. म्या धुतली."

साठाहून जास्त वर्षं मी त्या पत्र्याच्या डब्याकडे प्रेमानं बघत आले होते. एका वाकलेल्या म्हाताऱ्याचा मला त्या क्षणी इतका संताप आला की उठून जावं, परत या घाटावर पाय ठेवू नये. मी विचारलं, मग दोर तरी कशाला सोडलात? आईला तेव्हाच खाली उतरवायचं होतं.

तात्या तलावाकडे बघत म्हणाले, बापानं एवढंच शिकवलं व्हतं, बसलेल्या माणसाला उठवायचं न्हाय. फळीचं कुनी शिकवलं न्हवतं. ते मला घरी गेल्यावर कळलं, काय केलं ते. तवापासनं कळतंयच.

एवढं बोलून ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. शाल खाली घसरली ती त्यांनी उचलली नाही. फलकासमोर उभे राहून त्यांनी सोनेरी अक्षरांवरून हात फिरवला, होडीच्या फळ्यांवरून फिरवतात तसा, फट शोधत.

"जास्तीचा कुठला?"

मी उठले. राग गेलेला नव्हता. पण आईची ओळ माझ्यासमोर होती आणि तिच्यात तो शब्द बसला होता, मीच शुद्ध केलेला. मी 'नदी'वर बोट ठेवलं.

तात्यांनी खिशातून कापूस काढला, बोटांनी वळला आणि कोरलेल्या अक्षरांत ठासला. आधी न, मग द, मग माझी दुसरी वेलांटी. वरून डांबराचा ब्रश फिरवला, दोनदा, कडेकडेनं, शेजारच्या अक्षराला लागू न देता. मग दोन पावलं मागं सरकले.

"आता वाच."

मी वाचलं. "त्या दिवशी आई मधल्या फळीवर बसली आणि सगळे उतरले."

"व्हय," तात्या म्हणाले. "आसंच झालं." आणि डबा उचलून ते होडीच्या उरलेल्या फटी भरायला गेले.